आंबोलीतील घरांची सजावट ओलाव्याच्या हाती

घरसजावटीच्या जगात पुढील वर्षाचा रंग आदल्या डिसेंबरातच जाहीर होतो. अमेरिकेतील 'पॅन्टोन' या रंगसंस्थेने २०२५ साठी 'मोका मूस' हा कॉफीच्या जातीचा तपकिरी रंग निवडला होता. २०२६ साठी तिने 'क्लाउड डान्सर' या पांढऱ्या छटेची निवड केली. मुंबई-पुण्यातील सजावटकारांच्या नमुनापुस्तकांत या छटा यथावकाश उतरतात आणि तेथून त्या डोंगरमाथ्यावरील दुसऱ्या घरांत पोहोचतात. या नव्या रंगाच्या नावातील ढग कल्पनेतले आहेत. आंबोलीत मात्र ढग खिडकीवाटे खरोखरच घरात शिरतात आणि ते निघून गेल्यावर पांढऱ्या भिंतीवर काय उरते, हे तेथे एक पावसाळा काढलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

सावंतवाडीहून बेळगावकडे जाताना घाटमाथ्यावर सुमारे ६९० मीटर उंचीवर वसलेल्या या गावात वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पुण्याच्या पावसाच्या हा जवळपास दसपट. वेंगुर्ले बंदरातून बेळगावकडे जाणाऱ्या जुन्या मार्गावरील हा टप्पा ब्रिटिश काळात थंड हवेचे ठिकाण म्हणून विकसित झाला. आता पुणे, मुंबई, बेळगाव आणि गोव्यातील मध्यमवर्गाच्या दुसऱ्या घराच्या स्वप्नात त्याने स्थान मिळविले आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपी येथील सिंधुदुर्ग विमानतळ आणि जानेवारी २०२३ मध्ये गोव्यातील मोपा येथील विमानतळ सुरू झाल्यावर या स्वप्नाला आणखी बळ मिळाले. गोव्यातील जमिनींचे भाव हाताबाहेर गेल्यामुळेही अनेकांची नजर सीमेच्या अलीकडे वळली.

या घरांसाठी सध्या जी सजावट सुचविली जाते, तिचे सूत्र एकच आहे, निसर्गाशी जवळीक. जमिनीपासून छतापर्यंत काचेच्या भिंती, उघडे लाकूड, वेताच्या खुर्च्या, तागाचे गालिचे, काथ्याचे दिवे, मातकट रंग, घरात वाढणारी झाडे. येत्या काही वर्षांत हाच प्रवाह अधिक जोर धरील, याविषयी सजावटीच्या व्यवसायात फारसे दुमत नाही. प्लॅस्टिकचा चकचकाट आणि छतावरील प्लास्टर ऑफ पॅरिसची नक्षी यांना शहरी ग्राहक कंटाळला आहे. अभिरुचीतील हा बदल स्वागतार्हच होय. अडचण इतकीच की, निसर्गाच्या जवळ जाण्यासाठी सुचविल्या जाणाऱ्या यांतील बहुतेक वस्तू आंबोलीतील निसर्गाला चार महिनेही तोंड देऊ शकत नाहीत.

याचे कारण साधे आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की बुरशी वाढू लागते. जून ते सप्टेंबर या काळात आंबोलीतील हवा सलग कित्येक आठवडे याच्याही पुढे असते. ताग, काथ्या, वेत आणि सुती पडदे हे बुरशीचे खाद्यच. लाकूड हवेतील पाणी शोषून फुगते. आर्द्रता नव्वद टक्क्यांवर स्थिरावली की लाकडातील पाण्याचे प्रमाण वीस टक्क्यांच्या घरात जाते, आणि कुजण्याचा धोका तेथूनच सुरू होतो. दारे चौकटीत अडकतात, बिजागऱ्या गंजतात, कपाटाच्या पाठी सुटतात. भुसा दाबून बनविलेल्या स्वस्त फळ्या एकदा फुगल्या की पूर्ववत होत नाहीत. पाणी आत येऊ नये म्हणून भिंतीला दिलेला प्लॅस्टिकसारखा रंग भिंतीत आधीच मुरलेले पाणी बाहेरही जाऊ देत नाही, आणि दिवाळीला घर उघडावे तो भिंतीला पोपडे सुटलेले असतात.

'दिवाळीला घर उघडावे' हीच खरी मेख आहे. दुसरे घर वर्षातील बहुतेक दिवस बंद असते आणि पावसाळ्यात तर त्याला हमखास कुलूप असते. शहरातील सजावटकार राहत्या घराचा विचार करतो. तेथे रोज खिडक्या उघडतात, पंखे फिरतात, ओले कपडे उचलले जातात, भिंतीवर डाग दिसताच पुसला जातो. बंद घरात यांपैकी काहीच घडत नाही. सजावटीवर कित्येक लाख खर्चणारा मालक पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा घर उघडून वारा देणाऱ्या माणसाच्या पगारासाठी मात्र घासाघीस करतो, हा विरोधाभास डोळ्यांआड करता येण्याजोगा नाही. हवेतील ओलावा शोषणारी यंत्रे हा उपाय अलीकडे सुचविला जातो. तो उपयुक्तही आहे. परंतु यंत्राला अखंड वीज लागते, साठलेले पाणी काढून टाकावे लागते, आणि ऐन पावसात वीज जाणे घाटमाथ्याला नवे नाही.

सिंधुदुर्गातील जुने घर या हवेत टिकत होते, ते त्यात माणसे होती म्हणून. चुलीचा धूर माळ्यावरून कौलांच्या फटींतून बाहेर पडे आणि जाताना वाशांना कीड व वाळवीपासून राखी. छपराचे पाखे पुष्कळ खालपर्यंत उतरलेले असत, त्यामुळे पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर पडे. पावसाचा झोत अडविण्यासाठी तळकोकणात पडवीला झावळ्यांचा आडोसा बांधला जाई. ओले सामान ओटीवरच थांबे. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला आणि पुढे मंगलोरी कौले कोकणभर पसरली. तीही याच कारणाने मानवली, कारण ती पाणी अडवितात आणि हवा खेळती ठेवतात. नंतर सिमेंटचा सपाट स्लॅब प्रतिष्ठेचा झाला. आज जिल्ह्यात कोठेही फिरल्यास त्या स्लॅबवर उतरत्या पत्र्याची शेड उभारलेली दिसते. एका फॅशनचा पराभव इतक्या उघडपणे क्वचितच नोंदला गेला असेल.

तेव्हा आंबोलीत पुढे काय टिकेल, याचा अंदाज बांधणे फारसे कठीण नाही. सिमेंटच्या गिलाव्याऐवजी चुन्याचा गिलावा परतू लागला आहे. चुना भिंतीतील ओल बाहेर जाऊ देतो आणि त्याच्या अल्कधर्मी गुणामुळे बुरशी सहजासहजी धरत नाही. मात्र तो लावणारे कुशल हात कमी उरल्याने खर्च वाढतो. चकचकीत फरशीऐवजी घोटलेला लाल कोबा किंवा शहाबादी यांना पुन्हा मागणी येत आहे. भिंतीत गाडलेल्या कपाटांच्या जागी जमिनीपासून पायांवर उचललेली, भिंतीपासून चार बोटे सुटी ठेवलेली कपाटे अधिक शहाणपणाची ठरतील. प्लायवूड वापरायचेच असेल तर आयएस ७१० या मानकाचे, पाण्याला तोंड देणारे. काचेच्या भिंतीचा मोह आवरत नसेल, तर निदान तिच्यावर रुंद वळचण हवी आणि रात्री बाहेर सांडणारा प्रकाश मर्यादित हवा. आंबोलीच्या ज्या जंगलाचे दृश्य पाहण्यासाठी ती काच बसविली जाते, ते जंगल रात्री जागे असते.

या जंगलाचा उल्लेख सजावटीच्या चर्चेत अप्रस्तुत वाटेल, पण तो तसा नाही. 'नैसर्गिक साहित्य' कोठून तरी आणावे लागते. उघडा जांभा सध्या विशेष लोकप्रिय आहे. ताजा काढलेला चिरा मऊ असतो आणि हवेत राहून कठीण होतो, हा त्याचा गुण पिढ्यान्‌पिढ्या कोकणाच्या उपयोगी पडला. पण प्रत्येक चिऱ्यामागे एक खाण असते. पश्चिम घाटातील पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा जो मसुदा केंद्र सरकारने ३१ जुलै २०२४ रोजी पुन्हा प्रसिद्ध केला, त्यात महाराष्ट्रातील सुमारे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्राचा समावेश होता. खाणकामाला त्यात मनाई सुचविलेली होती, तर वीस हजार चौरस मीटरहून लहान बांधकामांना तशी सरसकट मनाई नव्हती. म्हणजे एकेकटे बंगले होत राहतील आणि त्यांचा दगड मात्र दुसरीकडून आणावा लागेल, असाच त्याचा व्यवहारी अर्थ निघतो. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील वृक्षतोडीचा प्रश्न तर २०१३ पासून मुंबई उच्च न्यायालयासमोर गाजत आला आहे. हिरण्यकेशीच्या कुंडात २०२० मध्ये माशाची नवी प्रजाती नोंदली गेली आणि पुढील वर्षी तो परिसर जैवविविधता वारसा स्थळ घोषित झाला. अशा गावात नव्या लाकडाचा आग्रह धरण्यापेक्षा मोडलेल्या घरांतील खांब, तुळया आणि दारे पुन्हा वापरणे अधिक सयुक्तिक. जुने सागवान वर्षानुवर्षे हवेत मुरलेले असल्याने ते तुलनेने कमी वाकते, हा व्यावहारिक फायदा वेगळाच.

आश्चर्य याचे वाटते की, बालीच्या मूर्ती आणि मोरोक्कोचे दिवे आंबोलीपर्यंत येतात, पण घाट उतरल्यावर तीस किलोमीटरवर असलेली सावंतवाडी सजावटकारांच्या यादीत अभावानेच आढळते. तेथील चितारआळीतील लाकडी फळे व खेळणी पर्यटक स्मृतिचिन्ह म्हणून नेतात आणि गोष्ट तेथेच थांबते. वास्तविक लाखेचे रंगकाम केलेले पाट, चौरंग, आरसे आणि छोटे फर्निचर ही या गावाची जुनी ओळख. ही कला लयाला जात असताना शिवरामराजे भोसले व राजमाता सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात तिला आश्रय दिला आणि एकशेवीस पानांची दशावतारी गंजिफाही तेथेच पुन्हा रंगू लागली. २०२४ मध्ये गंजिफा आणि लाकडी कलावस्तू या दोहोंना भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानांकनाने मागणी येत नाही, ती ग्राहकाने आणावी लागते. एका बंगल्याच्या सजावटीतील अगदी लहानसा हिस्सा जरी इकडे वळला, तरी एखाद्या चितारी कुटुंबाला पर्यटनाच्या हंगामापलीकडचे काम मिळू शकेल.

आंबोलीत सजावटीची कामे साधारणतः दिवाळीनंतर सुरू होतात आणि मे महिन्यात घर मालकाच्या ताब्यात दिले जाते. त्या दिवसांत हवा कोरडी आणि सुखद असते, लाकूड सरळ असते, भिंती निष्कलंक दिसतात, आणि अंतिम बिलही त्याच वेळी चुकते होते. या बिलाचा काही हिस्सा पहिला पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवण्याची अट करारात घालता येते. तिच्यामुळे नमुनापुस्तकातील पुष्कळशी पाने आपोआप गळून पडतील.