प्लास्टर निघाले, पुढे काय?

दसरा झाला की धर्मापुरीसारख्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकमध्ये चढताना फळीवरून पाय घसरतो, हाड मोडते. प्लास्टर होते, नाहीतर ऑपरेशन, हाड जुळतेही. पण कित्येक आठवडे न हललेला गुडघा किंवा कोपर आखडतो, मांडी बारीक होते. तो सांधा पुन्हा चालता करणे गोळीचे काम नाही, व्यायामाचे आहे. फिजिओथेरपी म्हणजे पैसेवाल्यांचे लाड, हे आम्हाला मान्य नाही. मजुराला तिची गरज सर्वांत जास्त. खुर्चीवरच्या साहेबाचे थोडे भागेल. कोयता धरणाऱ्याला वाकता आलेच पाहिजे.

अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयातून असो की खासगी दवाखान्यातून, सुट्टी घेताना विचारा: कोणता सांधा कधीपासून हलवायचा? पायावर भार कधी द्यायचा? व्यायाम करून दाखवायला लावा. प्लास्टर असतानाही मोकळी बोटे हलवत राहा. बोटे निळी पडली, बधिर झाली, ठणका वाढतच गेला, तर सकाळची वाट पाहू नका.

चोळणाऱ्याकडे मात्र जाऊ नका. कोपर तर मुळीच चोळू देऊ नका. जोराने चोळल्यास तिथल्या स्नायूत हाड धरू शकते आणि हात कायमचा अडकतो. तंबाखूनेही हाड जुळायला वेळ लागतो, हे कुणाला ऐकायला आवडत नाही.

घरात बाई पडली असेल, तर चूल आणि हंडा काही महिने दुसऱ्याने सांभाळावा. व्यायामाला तिलाही वेळ लागतो.