गडूतले पाणी नासत नाही, म्हणून?

काशीच्या दुर्गाघाटाच्या आसपास मराठी कुटुंबांची वस्ती जुनी आहे. यात्रा आटोपून परतणारा मराठी माणूस गंगाजलाचा तांब्याचा गडू तोंड झाळून घरी आणतो, मावंदे घालतो आणि गडू देवघरात ठेवतो. (ही झाळ पूर्वापार कथिल-शिशाची, हेही ध्यानात असावे.) वर्षे लोटली तरी पाणी नासत नाही, याचे घरोघरी कौतुक होते.

या कौतुकाला शास्त्रीय आधार नाही, असे नव्हे. १८९६ मध्ये अर्नेस्ट हँकिन यांनी गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जिवाणू मरतात, असे नोंदवले. पुढे त्याचा संबंध जिवाणूभक्षक विषाणूंशी जोडला गेला. मात्र न नासणे म्हणजे जिवाणू न वाढणे, एवढेच. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुंभमेळ्यातील पाण्याविषयीचा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अहवाल राष्ट्रीय हरित लवादापुढे आला, तेव्हाही देशभर वाद रंगला तो जिवाणूंच्या संख्येवर. शिसे, कॅडमियम, पारा, आर्सेनिक यांना खाणारा विषाणू नाही. ते कुजत नाहीत, विरत नाहीत. गाळातून पाण्यात आणि पाण्यातून पेशीत जागा बदलतात, इतकेच.

पेशीत त्यांचा घाव बसतो तो मायटोकाँड्रियावर, म्हणजे शालेय पुस्तकातील तंतुकणिकेवर. तिच्या आतल्या पटलाच्या दोन बाजूंत सुमारे १५० मिलिव्होल्टचा विद्युतभेद असतो. आकडा क्षुल्लक वाटतो. पण पटलाची जाडी जेमतेम ५ नॅनोमीटर, म्हणजे क्षेत्राची तीव्रता मीटरला ३ कोटी व्होल्ट. हवेत ठिणगी पडायला याच्या दशांश पुरते. या ताणावरच एटीपी तयार होते. तो राखण्यासाठी अन्नातील इंधन अखंड पोहोचावे लागते आणि आर्सेनिक नेमके तेच दार अडवते. आर्सेनाइट हे पायरुव्हेट डीहायड्रोजिनेज या विकराच्या लायपोइक आम्लातील शेजारशेजारचे दोन गंधक-अणू चिमट्यासारखे पकडते. दुसरे रूप, आर्सेनेट, फॉस्फेटचा वेष घेऊन एडीपीला चिकटते. ते संयुग क्षणात मोडते आणि ऊर्जा वाया जाते. कॅडमियमची वाट वेगळी: ते कॅल्शियमच्या मार्गाने आत शिरते आणि इलेक्ट्रॉनांची वाहतूक खुंटवते.

दोन गंधकांची ही पकड दुसऱ्या महायुद्धात ऑक्सफर्डच्या रुडॉल्फ पीटर्स यांच्या गटाने ओळखली. त्यांनी शेजारचे दोन गंधक-गट असलेलेच औषध बनवले; आर्सेनिक विकराला सोडून त्याला धरते. तीव्र विषबाधेत त्याचा उपयोग होतो. रोजच्या पिण्याच्या पाण्यातून वर्षानुवर्षे थेंबाथेंबाने येणाऱ्या आर्सेनिकावर मात्र पाणी बदलणे हाच खरा उपाय.

आणि हे पाणी बहुधा नदीचे नसते. काशीच्या खाली बलिया, समोर बिहारचा भोजपूर. हिमालयातून आलेल्या गाळातील लोहाच्या संयुगांना धरून बसलेले आर्सेनिक प्राणवायूविरहित भूजलात सुटे होते आणि हातपंपातून वर येते. २००२ मध्ये भोजपूरमधील सेमरिया ओझा पट्टी या गावात ते उघड झाले. सुरक्षित मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम. पाण्याला रंग नसतो, वास नसतो; तळहात-तळपायांची कातडी जाड होऊन खरखरीत व्हायला वर्षे जातात. तेव्हा ‘गंगा किती स्वच्छ झाली’ या बातमीत घाटावरच्या जिवाणूंच्या आकड्याशेजारी गाळातल्या धातूंचा आणि काठच्या गावांतील पंपांचा आकडा नसेल, तर ती बातमी अर्धीच म्हणावी लागेल. जिवाणूंच्या भीतीने ‘पाणी उकळून प्या’ हा सल्लाही या पंपांवर उलटा पडतो: उकळल्याने पाणी आटते, आर्सेनिक आटत नाही.