डोंगर म्हणजे वाईनचा चखणा नव्हे

गेल्या सोमवारी हापिसात पोरांचा विकांताचा प्लॅन शिजत होता. शनिवारी पहाटे पुण्याहून निघायचं, सकाळी अंजनेरी 'करायचा', दुपारी वायनरी, संध्याकाळी गंगापूर धरणाकाठी फोटो, रविवारी हरिहर 'करून' परत. मी पडलो नाशिकचा, म्हणून सल्ला मागायला माझ्या डेस्कवर. प्रश्न काय, तर "अंजनेरीला गाडी किती वरपर्यंत जाते रे?"

च्यायला, माझी सटकलीच.

वाईनशी माझं भांडण नाही हं. २००१ साली राज्यानं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, त्यानंतर आमच्याकडे वायनऱ्या वाढल्या आणि 'नाशिक व्हॅली वाईन'ला भौगोलिक मानांकनही मिळालं. खुशाल प्या. (फक्त जुलैत जाऊन वेलींकडे बघत "द्राक्षं कुठायत?" विचारू नका. फळासाठीची छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते आणि वाईनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च.) माझं भांडण आहे ते डोंगराला दोन टेस्टिंगच्या मधला टाईमपास समजण्याशी.

अंजनेरीचं पठार पावसाळ्यात बघितलंय का कधी? खाली काळा कातळ, त्यावर जेमतेम बोटभर माती, आणि त्या मातीत कंदीलपुष्पाची एक जात, सेरोपेजिया अंजनेरिका. डोंगराचंच नाव मिळालेली ही वनस्पती शास्त्राला माहीत झाली २००६ मध्ये. म्हणजे आपण मोबाईलवर रिंगटोन बदलत बसलो होतो तेव्हा! या कंदीलपुष्पांची गंमत अशी की बारीक माशी फुलाच्या नळीत शिरते, आतल्या केसांमुळे अडकते, आणि केस मरगळले की परागकण घेऊन बाहेर पडते. एवढा सगळा कारभार आपल्या बुटाच्या उंचीखाली चालतो. कॉलेजात असताना आम्ही त्याच पठारावर सतरंजी पसरून अंताक्षरी खेळलो होतो, चांगले तीन तास. सतरंजीखाली काय काय होतं कोण जाणे. नंतर कुठेतरी त्या फुलाचा फोटो बघितला आणि पोटात गोळा आला.

वरच्या कड्यांवर गिधाडं घरटी करतात. २०१७ मध्ये हा डोंगर संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला, तो उगाच नाही. तरी २०२१ मध्ये मुळेगावकडून अंजनेरीवर रस्ता न्यायचा प्रस्ताव आलाच. नाशिकच्या पर्यावरणवाल्यांनी बोंब मारली. मग रोपवेची टूम निघाली. आणि दर वेळी कारण काय? पर्यटन! म्हणजे कोण? तुम्ही-आम्हीच की. "गाडी किती वर जाते" हा प्रश्न हजार जणांनी विचारला की कुणीतरी नकाशावर रेघ मारतो. नंतर त्याच रस्त्यावर ट्रॅफिक जॅम झाला की आपणच फेसबुकवर "निसर्गाची वाट लावली यांनी" लिहिणार.

आता तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं? वर अंजनीमातेचं देऊळ आहे, हनुमानाचा जन्म इथलाच अशी श्रद्धा आहे. हा प्रश्न मला बाहेरच्या कुणी नाही, आईनं विचारला. तिचे दोन्ही गुडघे गेलेत. "रस्ता झाला तर मला एकदा दर्शन होईल रे," म्हणाली. यावर माझ्याकडे सॉलिड उत्तर नाही. मी फुलांच्या, गिधाडांच्या गोष्टी सांगितल्या. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू चाळीस वेळा जाऊन आलास, तुला काय." खरंय. तरीही रस्ता नकोच, असंच माझं म्हणणं आहे आणि ते म्हणताना मला बरं वाटत नाही.

पोरांना शेवटी सांगितलं: अंजनेरीला जायचं तर पूर्ण दिवस द्या, पायथ्याच्या गावापासून चाला, गावातलाच माणूस सोबत घ्या, त्याला नीट पैसे द्या, पायवाट सोडू नका, पठारावर बसकण मारू नका. वायनरी दुसऱ्या दिवशी. आणि हरिहरच्या त्या उभ्या पायऱ्यांवर रविवारच्या गर्दीत अजिबात जाऊ नका.

"मग दोन दिवसांत दोनच गोष्टी होतील," एकजण म्हणाला.

हो, दोनच.

त्यांचं अजून ठरलेलं नाही. माझं ठरलंय. येत्या शनिवारी आईला घेऊन अंजनेरी गावापर्यंत जाणार. खालून हात जोडेल म्हणाली. येताना त्र्यंबक रोडवर कुठंतरी भजी, ही तिची अट.