बांबूचं धनुष्य सुटलं की खेळही सुटतो? अमरावतीच्या तिरंदाजीतला खरा प्रश्न

अमेरिकेत धनुष्यबाणानं शिकार करणाऱ्यांमध्ये एक जुना वाद आहे. साधं लाकडी धनुष्य खरं की चाकं लावलेलं कंपाउंड? आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा विषयच नाही. पण तोच वाद वऱ्हाडात मैदानावर आहे, आणि इथे प्रश्न पैशाचा आहे.

क्रीडा प्रबोधिनीत अकोला म्हटलं की बॉक्सिंग आणि अमरावती म्हटलं की तिरंदाजी. अकोल्याच्या पोराला ग्लोव्ह्ज काही हजारांत मिळतात. तिरंदाजीची सुरुवातही तशीच स्वस्त असते. बांबूचं किंवा लाकडी धनुष्य घ्यायचं आणि 'इंडियन राउंड'मध्ये उतरायचं. शालेय आणि राष्ट्रीय स्पर्धांत हा प्रकार आहे. देशाबाहेर मात्र त्याला कुणी विचारत नाही. तिथे लागतं रिकर्व्ह किंवा कंपाउंड, आणि चांगला संच म्हणजे लाखांची गोष्ट. बाण मोडले की खर्च वेगळाच.

फरक काय? रिकर्व्हमध्ये दोरी ताणून धरताना सगळा भार बोटांवर आणि खांद्यावर येतो. निशाणा ७० मीटरवर. कंपाउंडला टोकांना चाकं असतात. दोरी पूर्ण मागे आली की बराचसा भार उतरतो, त्यामुळे नेम शांतपणे धरता येतो. शिवाय भिंग लावलेला साईट आणि दोरी सोडायला हातात वेगळं यंत्र. अंतर ५० मीटर. 'यात कौशल्य कमी' असं म्हणणाऱ्यांनी एकदा दहाचं वर्तुळ बघावं, ते फक्त ८ सेंटीमीटरचं असतं!

प्रवीण जाधवचं उदाहरण घ्या. फलटण तालुक्यातल्या सरडे गावच्या मजूर कुटुंबातला हा मुलगा अमरावतीच्या प्रबोधिनीत घडला. सुरुवात साध्या धनुष्यावर, पुढे रिकर्व्ह. २०१९ला जागतिक स्पर्धेत सांघिक रौप्य आणि मग टोकियो ऑलिंपिक. मधली उडी त्याच्या घरच्यांच्या पैशांवर शक्यच नव्हती, ती सरकारी व्यवस्थेमुळे जमली. पण प्रबोधिनीत जागा मोजक्या. बाकीच्यांचं काय?

कंपाउंडमध्येही महाराष्ट्र पुढे आहे. २०२३ला बर्लिनमध्ये नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी जगज्जेते झाले. अदितीचे वडील शिक्षक आहेत, आणि धनुष्यासाठी त्यांनाही कर्ज काढावं लागलं. पगारदार घराची ही गत, तर मेळघाटातल्या कोरकू पाड्यावरच्या मुलाचा हिशेब तुम्हीच करा.

आता २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदाच होणार आहे. म्हणजे महागड्या धनुष्याकडे ओढा आणखी वाढणार. म्हणून बांबूचं धनुष्य बंद करा, असं म्हणणं चुकीचं ठरेल, कारण गरीब घरातली मुलं त्याच दारानं आत येतात. जिल्हा पातळीवर चमकलेल्या मुलाला वर्ष-दोन वर्षांसाठी रिकर्व्ह वापरायला देणारी सामायिक साधनपेढी मात्र तालुक्याच्या क्रीडा संकुलातही उभी करता येईल.