समुद्राने नेलेल्या जमिनीच्या हक्काबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, सिंधुदुर्ग

विषय : देवबाग (ता. मालवण) येथील धूप झालेल्या जमिनींची नोंद व भरपाई

महोदय,

आम्ही देवबागचे खातेदार, नोकरीधंद्यानिमित्त बेंगळुरूत हेब्बाळ परिसरात राहतो. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर आमची घरे व माड. मे 2021 मधल्या तौक्ते वादळाची दखल सर्वांनी घेतली. दर पावसाळ्यात थोडी थोडी जाणारी जमीन मात्र पंचनाम्यात बसत नाही.

सातबाऱ्यावर क्षेत्र पूर्ण आहे, जाग्यावर नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 20 प्रमाणे भरतीरेषेखालचा समुद्रतळ शासनाचा. म्हणजे समुद्र पुढे आला की भूसंपादन न करता, एक रुपयाही न देता आमची जमीन सरकारजमा धरली जाऊ शकते. मागे सरकून घर बांधावे, तर सीआरझेडची (सागरी किनारा नियमन क्षेत्राची) मोजणीही भरतीरेषेपासूनच, म्हणून बंधनेही मागे येतात. नियमाला आमचा विरोध नाही. बेंगळुरूतील तलावांभोवती हरित लवादाने 2016 मध्ये 75 मीटर अंतर ठरवले, 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. तो वाद आम्ही हेब्बाळ तलावाशेजारी राहून पाहिला. तिथे भांडण अंतराचे होते. देवबागला काठच हलतो.

राज्याने समुद्राचे उधाण आपत्ती मानले आहे, संथ धूप नाही. केंद्राच्या 2022-26 च्या निकषांत दरडीने किंवा नदीचे पात्र बदलून जमीन गेल्यास अल्पभूधारकाला हेक्टरी 47,000 रुपये ठरवले होते. समुद्राचा तिथे उल्लेख नाही. केरळने मात्र किनाऱ्याची धूप राज्य आपत्ती ठरवली आहे. पंधराव्या वित्त आयोगानेही धुपीने विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी 1,000 कोटी रुपये सुचवले होते.

आम्ही आणखी दगडी बंधारा मागत नाही. तो एकाचे अंगण राखतो आणि शेजाऱ्याची धूप वाढवतो. पावसाळ्यापूर्वी भूमी अभिलेख खात्याकडून किनाऱ्यालगतच्या गटांची मोजणी व्हावी. गेलेले क्षेत्र सातबाऱ्यावर नोंदवावे, पण खातेदाराचे नाव कमी करू नये, आणि वाळू साचून जमीन परत आली तर तिच्यावर त्याचाच हक्क राहावा. धुपीला राज्य आपत्ती ठरवण्याची शिफारस आपण शासनाकडे करावी. पुनर्वसनात गावात राहणाऱ्यांचा क्रम आमच्या आधी लागावा. मोजणीच्या नोटिसा चावडीवर लावून न थांबता परगावच्या खातेदारांना टपालाने पाठवाव्यात.

मोजणीची तारीख लेखी कळवावी, ही विनंती. आम्ही हजर राहू.

आपले विनम्र,
देवबागचे खातेदार, सध्या हेब्बाळ, बेंगळुरू