विषाद आणि दृष्टिपटल

दिवाळीनंतर आमच्या धारूर परिसरातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेल्या अशाच एका गृहस्थांना, मधुमेहाने दृष्टिपटल बिघडल्याचे नेत्रतज्ज्ञांनी सांगितले. ते माझ्याकडे आले, पण औषधासाठी नव्हे. "डॉक्टरसाहेब, आंधळा झालो तर कोयता कुणी धरायचा?" एवढेच पुन्हा पुन्हा विचारीत राहिले.

रोग वाढविणाऱ्या भावांत चरकाचार्यांनी विषादाला अग्रस्थान दिले आहे. आपण ते पाठ करतो. चिकित्सालयात मात्र सत्त्वावजय विसरून तर्पणाची तारीख देतो. भ्यालेल्या रुग्णाला लेसर टाळण्यास निमित्तच हवे असते. ते आपणच पुरवितो. औषधी विक्रेते बंधूंनीही नेत्रबिंदूची बाटली हाती देताना हे ध्यानी घ्यावे. लेसरने गेलेली दृष्टी सहसा परतत नाही, उरलेली राखता येते. हे आधी न सांगितल्यास रुग्णाला फसवल्यासारखे वाटते आणि तो पथ्यही सोडतो.

त्या गृहस्थांना मी दुसऱ्या दिवशी पत्नीसह बोलाविले. बराच वेळ दोघे रडली. मी अडविले नाही. मग आधी लेसर, नंतर ऊस, असे ठरले. मुकादमाला दूरध्वनी मीच केला.