आधी ओटा, मग खिडकी

घराचा नकाशा हाती आला की घरातली सारी मंडळी त्यावर तुटून पडतात. दिवाणखान्यात सोफा कुठे मावेल, देवघर कोणत्या कोपऱ्यात, मुलांची टेबले कुठे, याची चर्चा रात्री उशिरापर्यंत रंगते. स्वयंपाकघराच्या बाबतीत मात्र 'ओटा सरळ की एल आकाराचा' आणि 'ग्रॅनाइट काळा की हिरवा' यापुढे गाडी सहसा जात नाही. खिडकी? ती नकाशात दाखवली आहे ना, मग झाले!

पण नकाशात खिडकीची रुंदी दिसते, उंची दिसत नाही. ती ठरते कामावर, गवंड्याच्या हाताने, आणि बहुधा घरातील इतर खिडक्यांच्याच मापाने. बैठकीच्या खोलीत जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर सुरू होणारी खिडकी शोभून दिसते. तेच माप स्वयंपाकघरात आले की खिडकीचा तळ ओट्याच्या बरोबरीला येतो, कधी त्याच्याही खाली जातो. मग भिंतीतला नळ बसवायला जागा उरत नाही. भांडी घासताना उडणारे पाणी खिडकीच्या पट्ट्यांत साचते. आत उघडणारी दारे कुकरला आणि मिक्सरला अडखळतात आणि शेवटी खिडकी कायमची बंद राहते. ज्या खोलीत दिवसातले चार-पाच तास शेगडी पेटलेली असते, तिथेच हवा अडते आणि ती गृहिणीच्याच छातीत जाते.

म्हणून क्रम उलटा करावा. आधी ओट्याची उंची ठरवावी, त्यावरून खिडकीची.

ओटा किती उंच? ठेकेदार सरसकट ३२ ते ३४ इंच सांगतो. त्याचे चूक नाही, पण हे माप कुणाच्या तरी सरासरीचे आहे. आपले माप काढणे सोपे आहे. स्वयंपाकघरात जी चप्पल घालता ती घालून (घालत नसाल तर अनवाणी) ताठ उभे राहा, कोपर काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर मोजून घ्या. त्यातून चार-पाच इंच वजा करा. पाच फूट एक इंच उंचीच्या बाईचे कोपर साधारण ३८ इंचांवर येते, म्हणजे तिला ३३-३४ इंचांचा ओटा सोयीचा. पाच फूट सहा इंचांच्या बाईला तोच ओटा बुटका पडतो. तिला ३६-३७ इंच हवे. घरात सासूबाई ठेंगण्या आणि सूनबाई उंच असे असेल तर? जी जास्त वेळ उभी राहते तिचे माप धरावे आणि दुसरीसाठी पोळ्या लाटायला वेगळे टेबल ठेवावे. मधले माप काढून दोघींची पाठ दुखवण्यात शहाणपण नाही. आणि हो, घरातले पुरुष स्वयंपाक करत असतील तर त्यांचेही कोपर मोजावे!

आता खिडकी. समजा ओटा ३३ इंचांचा ठरला. खिडकीच्या तळाशी आणि ओट्याच्या मध्ये निदान सहा इंचांची टाइल्सची पट्टी हवीच, म्हणजे पाणी आणि पीठ खिडकीवर जाणार नाही. नऊ इंच ठेवली तर तळ ४२ इंचांवर, म्हणजे साडेतीन फुटांवर येतो. बहुतेक घरांना हे माप मानवते. सिंक खिडकीखाली आणि नळ भिंतीतून हवा असेल तर मात्र नळच ओट्यापासून फूटभर वर येतो. त्याच्यावर तीन इंच सोडले की तळ ४८ इंचांवर जातो. त्याऐवजी सिंकच्या काठावर बसणारा, हंसाच्या मानेसारखा वळलेला नळ घेतला तर खिडकी ४२ वरच राहू शकते. फक्त खिडकीची दारे आत उघडून त्या मानेवर आपटणार नाहीत एवढे पाहावे.

सहा इंचांनी असा काय फरक पडतो, असे वाटेल. हिशेब करून पाहू. ओटा दोन फूट रुंद, भिंत नऊ इंच जाडीची आणि तळमजल्याचे घर अंगणापासून दोन फूट उंच धरले, तर पाच फूट एक इंच उंचीच्या बाईला ४२ इंचांच्या खिडकीतून भिंतीपासून बारा फुटांवरचे अंगण दिसू लागते. ४८ इंचांच्या खिडकीतून ते बावीस फुटांपासून पुढेच दिसते. भाजी परतता परतता अंगणात खेळणाऱ्या पोरावर नजर ठेवायची असेल, तर हे मधले दहा फूट फार मोलाचे आहेत.

खिडकीचा माथा बहुतेक घरांत सात फुटांवर असतो. तळ वर चढवला की खिडकी आखूड होते, हे विसरू नका. स्वयंपाकघराची खिडकी निदान एक चौरस मीटरची असावी, असा दंडक बांधकामाच्या नियमांत अनेक ठिकाणी आढळतो. ४२ इंचांच्या तळाला त्यासाठी तीन फुटांहून थोडी अधिक रुंदी पुरते. ४८ ला साडेतीन फुटांच्या वर लागते. सरकत्या दोन काचांची खिडकी घेतलीत तर एका वेळी निम्मीच उघडते, म्हणून ती आणखी रुंद घ्यावी. पूर्ण उघडणारी, बाहेर फिरणारी दारे हवेसाठी अधिक चांगली, पण त्यांची कडी खालच्या भागात हवी. दोन फुटी ओट्यावरून वाकून वरच्या खिटीपर्यंत कुणाचाच हात पोचत नाही. स्टुलावर चढून खिडकी लावणाऱ्या बायका आपण पाहतोच.

शेगडी खिडकीसमोर ठेवू नये, या एका बाबतीत मी हट्टीच आहे. वाऱ्याने ज्योत हलते, विझते आणि गॅस सुटत राहतो. पडदा असेल तर तो पेट घेतो. शेगडी बाजूच्या भिंतीला, सिंक किंवा भाजी चिरायची जागा खिडकीसमोर. उजेड पुढून किंवा उजव्या हाताने काम करणारीच्या डावीकडून यावा. पाठीमागून आला तर आपलीच सावली विळीवर पडते. एक्झॉस्ट फॅन शेगडीच्या वर, छताजवळ बसवावा, खिडकीला चिकटून नव्हे. नाही तर तो खिडकीतलीच ताजी हवा ओढून बाहेर टाकतो आणि फोडणीचा धूर घरभर हिंडतो.

सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो जमिनीलगत पसरतो, साडेतीन फुटांवरच्या खिडकीतून आपोआप बाहेर जात नाही. म्हणून बाहेरच्या भिंतीत किंवा बाल्कनीच्या दाराखाली, जमिनीलगत एक जाळी ठेवावी. आता अनेक शहरांत नळाने येणारा गॅस हलका असतो, तो वर चढतो. त्याच्यासाठी खिडकीच्या माथ्याजवळ झडप हवी.

मापाचा घोटाळा सर्वांत जास्त होतो तो फरशीमुळे. वडोदऱ्याच्या एका परिचित कुटुंबात खिडकीचा तळ ३६ इंचांवर सांगितला होता. गवंड्याने मोजला स्लॅबपासून. त्यावर मसाला आणि टाइल्स मिळून तीन इंच चढले, खिडकी उरली ३३ इंचांवर आणि ओटा झाला ३४ चा. ग्रॅनाइट चक्क खिडकीच्या आडवे गेले. म्हणून 'तयार फरशीपासून' असे कागदावर लिहून द्यावे आणि पाण्याच्या पारदर्शक नळीने फरशीची लेव्हल भिंतीवर आखून घ्यावी. चौकट बसण्यापूर्वी, ती गवंड्याला हातात धरायला लावून, ओट्याच्या जागी स्वतः उभे राहून पाहावे. ज्या बाईला तिथे वीस वर्षे उभे राहायचे आहे, तिला त्या दिवशी कामावर घेऊन जायला घरच्यांनी कंटाळा करू नये.

कोकणपट्टीत खिडकीच्या तळाच्या दगडाला बाहेर उतार द्यावा आणि बाहेर आलेल्या भागाच्या खालून बारीक खाच मारून घ्यावी, म्हणजे पावसाचे पाणी भिंतीवर ओघळत नाही. नागपूर, इंदूरकडे पश्चिमेच्या खिडकीवर सज्जा थोडा अधिक पुढे काढावा. वास्तू पाहणारे पूर्वेची खिडकी मागतात. डब्याच्या घाईच्या वेळी कोवळे ऊन आत येते, त्यामुळे माझीही त्याला ना नाही.

तयार फ्लॅट घेतलेल्यांचे काय? तिथे खिडकी खालीच असली तर तळाची नऊ-दहा इंच पट्टी जाड, घट्ट बसवलेल्या काचेने कायमची बंद करावी आणि वरचा भाग उघडता ठेवावा. ओटा खिडकीच्या आडवा जात असेल तर मागची फट सिमेंटने भरून घ्यावी, तिथे झुरळांची वसाहत होते. वरच्या मजल्यावर राहत असाल आणि घरात लहान मूल असेल, तर यापेक्षा आधी ग्रिलकडे बघा. स्टूल, स्टुलावरून ओटा, ओट्यावरून खिडकी, अशी ही शिडीच असते. ग्रिल भिंतीत पक्के रोवलेले असावे, गजांमधले अंतर चार इंचांहून कमी असावे, आणि स्टूल काम झाल्यावर स्वयंपाकघराबाहेर ठेवावे.